चाळीस दिवसांची भाकरी

भाकरी त्यांनी माझ्या हातातून ओढली आणि गल्लीतल्या कुत्र्यापुढं टाकली. वर पिठलं होतं, तेही गेलं. मालक म्हणाले, "हितं परत दिसलीस तर बघ. आमच्या घरात बाटवाबाटवी चालायची न्हाय."

भर दुपार. चार बायका दारात उभ्या. रिकामं फडकं उचललं आणि घरी आले.

मालक म्हणजे ज्यांच्या रानात मी आणि माझा नवरा रोजानं जातो ते. हे झालं ते घर त्यांच्या चुलतीचं. काकू एकट्या. दिवाळीत पडल्या, तेव्हापासून खाटेवरच. पुतण्याच्या घरून ताट यायचं. आलं तर आलं.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. त्याआधी आम्ही कोण होतो, तेही गाव विसरलेलं नाही. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. आमच्या घरात त्या दिवसांत दुपारचं जेवण सोडतात आणि ते कुणा भुकेल्याला देतात. माझी आई द्यायची, मी देते. यंदा काकूंना देत होते. मग त्यांच्या उशाशी बसून दोन मिनिटं डोळे मिटायचे. त्याच म्हणायच्या, "तुझ्या देवाला सांग गं, कंबर लई दुखती."

आदल्या दिवशी दार उघडं राहिलं, एवढीच माझी चूक. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर. माझे डोळे मिटलेले, काकूंच्या डोक्यावर हात. पण खुपलं ते वेगळंच. काकूंच्या हातात माझ्या चुलीवरची भाकरी होती.

दोन दिवसांनी पारावर बोलावलं. नवरा मान खाली घालून मागं उभा. मालकांनी कागद पुढं केला, शाईची डबी ठेवली. "अंगठा लाव. मग मिटलं."

हिला कुठलं वाचता येतंय, असं त्यांना वाटलं. मला येतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकले. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. खाण्याचं आमिष दाखवून मी काकूंना धर्म बदलायला लावत होते, असं लिहिलं होतं. लाज वाटत होती, संतापही होता.

"आमिष न्हाय," मी म्हणाले. "भाकर हुती. माझ्या दुपारची. तसं लिवा, सही करते."

"लई शहाणी झालीस व्हय गं?"

रात्री पास्टरांचा फोन आला. "ताई, दिवस वाईट आहेत. आपण सहन करणारी माणसं. अंगठा देऊन टाका."

तेव्हा मी पेटले. जन्मभर हेच ऐकलं. रानात पाणी वरून ओंजळीत ओतलं, सहन कर. आता खोटंही सहन कर. मी म्हणाले, "पास्टर, म्या दुपारचं जेवण सोडलंय. खरं बोलायचं न्हाय सोडलं."

तेव्हापासून काम बंद. त्यांच्या बोअरचं पाणी बंद. बाकीचे लोक त्यांना विचारल्याशिवाय कामाला बोलावत नाहीत. नवरा म्हणतो, "एका अंगठ्यानं काय झिजली असतीस?" पोरांकडं बघितलं की माझंही मन कच्चं होतं. जावं तरी कुठं? तिकडं काकूंच्या दाराला बाहेरून कुलूप. सकाळी गुडघे टेकते. मालकांसाठी प्रार्थना करायची असते, आमच्यात तसंच शिकवलंय. दोन शब्दांपुढं जात नाही. माझ्या मनात त्यांच्यासाठी प्रेम नाही, आणि ते मी देवापासून लपवत नाही.

काकूंची खाट खिडकीशी आहे. गल्ली जागी असताना जाते. भाकरीची घडी करून गजातून आत देते. काकू हात लांब करतात. काल मालक समोर येऊन उभे राहिले. मी हात मागं घेतला नाही.

"किती दिवस करशील?"

"ईस्टर झाला तरी करीन. उद्यापतूर कुलूप काढा, मालक. न्हायतर म्या ठाण्यात जाते. म्हातारीला कोंडलंय म्हणून सांगते."

ते हसले. ठाण्यात आमचं किती ऐकतात ते मलाही माहीत आहे.

आज कुलूप तसंच आहे. मी ठाण्यात द्यायचा अर्ज लिहायला बसले आहे. जे बघितलं तेवढंच लिहिते आहे. खाली सही माझी, पूर्ण नावानिशी.