बालुशाही आणि इतर परिस्थिती

डबा खाऊन मी स्टाफरूमच्या खुर्चीत नुसते डोळे मिटतो. झोपायचं अजिबात नाही, कारण पुढचा तास माझा आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करून त्याच विद्यापीठात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागलोय, आणि आज नेमका उखळीकर सरांचा लाडका पाठ माझ्या वाट्याला आलाय: घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. म्हणजे एकच पदार्थ लागोपाठ खात गेलं, तर प्रत्येक नगाचं समाधान आधीच्यापेक्षा कमी. पंखा कुरकुरतो, झापड येते.

"झोपायलास व्हय रे, कानवटे?"

समोर उखळीकर सर. मागच्या दिवाळीत त्यांना स्मशानात पोचवून आलोय, तरी सवयीनं मी उठून उभा राहतो.

"सर, तिकडं कसं आहे?"

"वैताग आहे नुसता." सर बालुशाहीचा पुडा सोडायला लागतात. "इतर परिस्थिती कायम असताना, असं आपण प्रत्येक सिद्धांताला लावायचो की नाही? तिथं ती खरंच कायम असते. सगळे सिद्धांत बरोबर येतात. वाद घालायला माणूस मिळंना."

मी हसतो, आणि हसता हसता आम्ही वर्गात असतो. फळ्यावर सरांनी काढलेली समाधानाची उतरती रेषा. पहिल्या वर्षी इथंच त्यांनी प्रयोग केला. पुस्तकातली संत्री त्यांना पटत नव्हती, म्हणून बालुशाही. बाकीच्या पोरांनी दुसऱ्या बालुशाहीलाच हात जोडले. मी पुडा संपवून विचारलं, "अजून आहे का, सर?" सरांनी खडू खाली ठेवला. "कानवट्यानं सिद्धांत पाडला. प्रयोग पुढच्या सोमवारी परत."

तो परत परत होत राहिला, एम.ए. संपेपर्यंत. दर वेळी शेवटची बालुशाही कागदात गुंडाळून सर माझ्या खिशात कोंबायचे. "ही रात्री खा आणि निरीक्षण सांग."

सोमवारी वसतिगृहाची मेस बंद असायची. बाकीचे हॉटेलात जायचे, मी पाणी पिऊन वाचत बसायचो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कीव करून कुणी खाऊ घातलेलं मला चाललं नसतं. प्रयोगाला मात्र हरकत नव्हती. सरांना ठाऊक होतं का, हे विचारायचं राहून गेलं, आणि ते मला अजून टोचतं.

"सर, एक विचारायचं होतं."

"आधी चल."

आम्ही फळ्यावरच्या रेषेवरून खाली उतरतोय. ती चांगलीच घसरडी आहे.

"बघून पाय टाक," सर म्हणतात. "इथनं पुढं समाधान फार कमी आहे."

रेषा संपते तिथं मेस. दाराला कुलूप, तरी आम्ही आत बाकावर बसलोय आणि मी खातोय.

"कशी लागली?"

"पहिलीसारखीच."

"गाढवा, मी मेलो तरी तू सिद्धांताला मान देईनास!"

मला एकदम रडू येतं. "सर, मी उपाशी असायचो ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"प्रयोगात असलं काही नसतं." सर खडू शोधायला लागतात. खडू त्यांच्या कानावरच आहे.

"मग सोमवारीच का, सर? आणि दर वेळी मलाच का?"

सर दाराच्या कुलपाकडं बघत बसतात.

"सिद्धांत बरोबरच होता, कानवटे," ते हळूच म्हणतात. "तुझी इतर परिस्थिती कायम नव्हती."

मग शेवटची बालुशाही कागदात गुंडाळतात आणि माझ्या खिशात कोंबतात.

"सर! अहो सर, तास सुरू झाला!"

शिपाई हणमंतमामा मला हलवतायत. मी धडपडत उठतो, डोळे पुसतो. मामा माझ्या शर्टाकडं टक लावून बघतायत. खिशावर मुंग्यांची रांग लागली आहे.

"काय ठेवलंय हो खिशात?"

मी हात घालतो. खिसा रिकामा आहे, पण बोटाला साखरेचा पापुद्रा चिकटतो.

"मामा, मेस अजून सोमवारी बंद असते का?"

"असते की. आजच आहे बंद."

"मग चौकातून बालुशाही आणा," मी म्हणतो. "प्रयोगाला लागते."