अप्पांचा चौथा निरोप्या

अप्पा चहासुद्धा कोणाचं नाव घेऊन मागवत नसत. महाडच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसातून जिन्यात डोकावून ओरडायचे, "चहा येऊ दे रे!" खालच्या हॉटेलातला जो मोकळा असेल तो आणायचा. मी हसले की म्हणायचे, "काम सांगावं गो. करणारा आयत्या वेळी ठरतो." त्यांच्या हाताखाली मी प्रोग्राम लिहायचे, आणि कोडच्या बाबतीतही त्यांचं तेच.

मला ते पटलं माझ्या घोडचुकीने. एका दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्राम करत होतो. पेशंट दाखल झाला की नातेवाइकांना कळवायचं. मी शहाणीने दाखल करण्याच्या कोडमध्येच एसएमएस घट्ट बसवून टाकला. डोंगरावरच्या कुडपण गावचा एक म्हातारा दाखल झाला, एसएमएस गेला, आणि त्याची बायको आली तिसऱ्या दिवशी. वर रेंजच नाही! "माझा मानूस एकलाच पडून व्हता गो," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पा रागावले नाहीत. शेजारी बसून त्यांनी 'निरोप्या' नावाचा इंटरफेस लिहिला, म्हणजे काम काय ते सांगणारा, करणारा कोण ते न सांगणारा कोड. त्याला काम एकच, कळवायचं. ते प्रत्यक्ष करणारे कोडचे तुकडे, म्हणजे क्लास, तीन: एक एसएमएस पाठवी, दुसरा फोन लावी, तिसरा पोलादपूरच्या एका दुकानदाराला सांगून जीपबरोबर चिठ्ठी धाडी. पेशंटचं गाव बघून त्याच वेळी तिघांतला एक निवडायचा आणि दाखल करणाऱ्या कोडच्या हाती बाहेरून द्यायचा. "कोण जातंय ते त्याला कशाला ठाऊक हवं? हाय काय नि नाय काय!"

अप्पा मूळचे वरंधचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. रविवारीही ऑफिस उघडायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "घरी भिंती. हा कॉम्प्युटर निदान चुका तरी काढतो." मला तेव्हा हसू यायचं. मेली अक्कलच नव्हती.

पुढे मी पुण्याला नोकरीला गेले. आधी रोज फोन, मग सणावारी, मग तोही राहिला. आणि एक दिवस महाडच्या मैत्रिणीने सांगितलं, अप्पा त्याच दवाखान्यात दाखल होते, गेले. चार दिवस झाले होते.

मी तणतणत दवाखान्यात गेले. मला निरोप आला नाही म्हणजे प्रोग्राम बंद पडला असणार, दुसरं काय! काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नाही ताई, निरोप गेला असंच दाखवतंय."

तिथल्याच कॉम्प्युटरवर मी कोड उघडला. तिथे मी कधी न पाहिलेला चौथा क्लास होता, अप्पांनी लिहिलेला. नाव, 'कोणीनाही'. नातेवाइकाचा रकाना रिकामा असला की हा निवडला जाई. निरोप घेई, काहीच करत नसे, आणि 'कळवलं' म्हणून परत येई. प्रोग्राम अडायला नको, म्हणून.

दाखल होतानाचा अर्ज अप्पांनी स्वतः भरला होता. रकाना कोरा.

एक नंबर लिहायचा होता ना हो, अप्पा. माझा तर तोंडपाठ होता तुम्हाला. मी आले असते.