सेलिन नावाचा मेन्यू

सेलिन मिरांडा टायपिस्ट नव्हती.

काल ती गेली. आज सकाळी आमच्या सरांनी पोस्ट टाकली: 'टायपिंग विभागातील आमच्या सेलिनबाई.'

म्हणून हे लिहिते आहे.

गिरगावातल्या आमच्या शब्दकोशाच्या ऑफिसात सर मुख्य संपादक, ती सहसंपादक होती. माझगावची, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची मराठी बोलणारी ख्रिस्ती. मराठीत एम.ए. ऑफिसात प्रमाण बोलायची, चिडली की घरचं.

आमचं वर्ड जुनं, फॉन्ट त्याहून जुना. शब्द क्रमानं लावायला सांगितले की कॉम्प्युटर ते कीबोर्डच्या हिशेबानं लावायचा. 'हळद' आधी, 'आई' कुठेतरी मागे. एक नवा शब्द आला की सगळे पुन्हा हातानं लावायला बसायचे.

सेलिननं मॅक्रो लिहिले. म्हणजे आपली वर्णमाला त्या मशीनला एकदाच शिकवली. कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकं आणून, चुकत, शिव्या घालत शिकली.

मग वर्डच्या वरच्या पट्टीत, अगदी शेवटी, एक नवा मेन्यू आला. त्यात तीन ओळी:
शब्द लाव.
दुबार काढ.
चहा.

'चहा' दाबलं की सगळ्या फाइल सेव्ह होऊन बंद व्हायच्या.

मेन्यूला नाव नव्हतं. नुसतं टिंब.

कोश छापून आला. प्रस्तावनेत सरांनी लिहिलं होतं: 'अकारविल्हे रचना मी स्वतः सिद्ध केली. संगणकीय साहाय्य: कार्यालयीन कर्मचारी.'

सेलिननं ते उभ्यानं वाचलं.

"कर्मचारी? मना नाव नाय काय?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या मशीनवर त्या टिंबाच्या जागी नाव होतं. सेलिन.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी प्रुफं घेऊन तिथेच उभी होते.

"हे काय आहे?"
"मेन्यू, सर."
"संस्थेच्या कॉम्प्युटरवर खासगी नाव नको."
"काढा की. माउसनं खाली ओढलं की जातं."

त्यांनी ओढलं. गेलं.

सकाळी वर्ड उघडलं, तर परत आलेलं.

वर्ड सुरू झालं की आपोआप चालणारा एक मॅक्रो तिनं लिहून ठेवला होता. तो दर वेळी मेन्यू पुन्हा बांधायचा. आणि तो काढला, तर शब्द लावणंही बंद पडायचं. तिनं दोन्ही एकमेकांत विणून ठेवलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी सर तिचं नाव ओढून खाली टाकायचे. काचेतून आम्हाला दिसायचं.

रोज सेलिन दारात डोकावायची.
"गुड मॉर्निंग सर. आले का मी?"

निवृत्त झाली तरी मेन्यू येतच राहिला. जाताना तिनं मला सगळी वीण उलगडून दाखवली. "काढायचं कसं ते शिकवते. काढलंस तर बघ."

मग ती आजारी पडली. परळच्या हॉस्पिटलात भेटायला गेले, तर तब्येतीचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तो अजून ओढतो काय गं?"

"रोज."

हसली. मग खोकला थांबेना.

आज माझगावला तिला मूठमाती दिली. सरही आले होते, पांढऱ्या शर्टात. मूठ टाकून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तो मेन्यू तेवढा आता काढून टाका. दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू होतंय. आणि खरं सांगू, मला आता बघवत नाही ते नाव."

"आणि नव्या प्रस्तावनेत, सर?"

"प्रस्तावना तीच राहील."

"बरं सर. आजच बघते."

तिथून थेट ऑफिसात गेले. बघितलं.

आता ते नाव पूर्ण आहे. सेलिन मिरांडा, सहसंपादक. शेवटी नाही, 'फाइल'च्याही आधी, डावीकडे पहिलं. सरांच्या मशीनवरही.

आणि वर्ड उघडलं की आधी एक छोटी चौकट येईल:
'गुड मॉर्निंग सर. आले मी.'

खाली एकच बटण. ओके.

ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाहेरून माणूस आणून काढता येईल, नाही असं नाही. पण तो आधी विचारेल, ही कोण? तेव्हा सरांना काहीतरी सांगावं लागेल.

सर हे वाचतील. वाचावं. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन.

सेलिन, आज शांत झोप.

सकाळी तुला ऑफिसला यायचं आहे.