टपरीवरून दिसणारी गाडी

आमच्या मजल्यावरचा हा शेजारी एका जागी स्वस्थ उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. बोटावर किल्ल्या फिरवत, या पायावरून त्या पायावर होत तो बोलतो आणि वाक्याच्या शेवटी 'काय?' लावतो. बिल्डिंगमध्ये कुणाला फ्रिज घ्यायचा असो की जावई करायचा असो, पारखायला त्यालाच नेतात.

पन्नाशीत मला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हुक्की आली. लाल, दोन सीटची, नव्यासारखी केलेली. "मुलांना काय डिकीत बसवणार?" बायकोने विचारलं. तरी मी शेजाऱ्याला घेऊन ती बघायला भोईवाड्यात गेलोच.

त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि म्हाताऱ्या मालकांना नि मला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. तिथे क्रिकेटच्या गप्पा मारत बसला. मालकांचा चहा निवला. ते सारखे मागे वळून गाडीकडे बघत होते.

परतताना मी विचारलं, "कशी वाटली रे?"

"गाडी एक नंबर. म्हाताऱ्याने जीव लावलाय तिला, काय?"

"मग घेऊ?"

"तू नको घेऊ. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. मस्कापाव मात्र दोन खाल्लेस, काय?"

मला राग आला. मुद्दाम, त्याला दाखवायला म्हणून, मी मागे वळलो. किल्ल्यांचा आवाज थांबला होता. माझ्याआधीच तो वळून स्वस्थ उभा होता.