अलार्म वाजला की चहा टाकायचा

नववीतून शाळा सोडून किनवटकडून आलेलो. ठाण्यात माजिवड्याच्या एका काचेच्या इमारतीत चहापाण्याच्या कामाला मला चिकटवलं सुपरवायझर दादांनी. आंबिवलीची खोलीही त्यांनीच बघून दिली. उपकार आहेतच त्यांचे. पण राग जात नाही.

कंपनीत अधूनमधून फायर ड्रिल व्हायची. मुद्दाम धूरही सोडायचे. अलार्म वाजला की सगळा स्टाफ जिन्याने खाली, आवारात रांगा, डोकी मोजायची. आम्हां कंत्राटी माणसांना मात्र दादा वरच्या पॅन्ट्रीत बसवायचे. "तुमची गर्दी झाली की जिन्यात वेळ जातो. साहेब लोक वर येतील तेव्हा चहा तयार पाहिजे." पॅन्ट्रीच्या दारावरच पाटी होती, 'सुरक्षा सर्वांची'.

एका दुपारी मी खाली पाण्याचे जार उतरवत होतो. अलार्म झाला. लोक खोकत बाहेर आले. वर वायरिंग पेटलेलं. पॅन्ट्रीत त्या वेळी चहावाल्या मावशी एकट्याच होत्या, त्या कुठे दिसेनात.

"दादा, मावशी वर राहिल्यात!"

"असेल रे इथेच. मोजणी बरोबर आलीय."

येणारच! आम्हाला मोजतंय कोण?

मी जिन्याने वर पळालो. मावशी तोंडाला पदर लावून कप मांडत होत्या. "आज जरा जास्तच धूर सोडलाय मेल्यांनी," म्हणाल्या.

"मावशी, खरी आग आहे. चला!"

"अरे, चहा उकळतोय. दादा ओरडेल."

ओढतच खाली आणलं त्यांना. कितीतरी दिवस त्यांचा खोकला गेला नाही.

नंतर मीटिंग झाली. मी पाण्याच्या बाटल्या ठेवत होतो. सेफ्टीच्या मॅडम म्हणाल्या, "पॅन्ट्री स्टाफमध्ये अवेअरनेस नाही. त्यांना ट्रेनिंग द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. अवेअरनेस नाही? बसून राहायचं ट्रेनिंग दिलं कुणी? दादांनीही मान डोलावली होती. त्यांनाही नोकरी होती, कळतं मला. तरी.

पुढच्या ड्रिलला दादा परत तेच म्हणाले, "चला, पॅन्ट्रीत." ही नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवू? तरी मी मावशींचा हात धरला आणि जिना उतरायला लागलो. मागून दादा, "अरे, अरे!" करत होते.

आवारात मॅडमनी आमच्याकडे बघितलं. "तुम्ही कशाला आलात?"

मावशींना धाप लागलेली. "मोजा की आम्हालापण," त्या म्हणाल्या. "आणि गॅस बंद करून आलेय. चहाला आज वेळ लागेल."