कढीलिंबावरची दोन तऱ्हेची फुलपाखरं

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मला पाखरांचं काही वेड नव्हतं. माहेर देशावरचं, कराडच्या बाजूचं. तिथं फुलपाखरं नव्हती असं नाही, पण थांबून बघावं असं कुणी शिकवलं नव्हतं. हे कचेरीत कारकून होते. आम्ही भाड्याने घेतलेल्या घराला लागूनच दुसरं घर होतं, मधली भिंत एक आणि परसही एकच. त्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. गाव त्यांना नर्सबाई म्हणे. मी मावशी म्हणू लागले. लुगडं आमच्यासारखं, बोलणं आमच्यासारखं, कालवणात कोकम घालायचं ते मला त्यांनीच शिकवलं. त्या इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या आहेत हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी दिवेलागणीला त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, दिव्यात पाखरू पडलंय," त्या म्हणाल्या.

मी "हो का?" म्हटलं आणि कंदिलाची काच पुसत राहिले. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच उभं राहणं. मी यांना विचारलं, यात मी काय करायचं? हे म्हणाले, "एकट्या आहेत. बोलायला माणूस हवं असेल." म्हणून तिसऱ्या वेळी मी हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर गेले आणि गप्पा मारत बसले. त्यांचं मात्र माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. आढ्याला टांगलेल्या काचेच्या दिव्यात खाली पाणी, वर तेल होतं, आणि त्या तेलात एक तपकिरी पतंग फडफडत होता.

"काढा ना तो बाहेर," मी म्हटलं.

"आज शनिवार लागला," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी शनिवार कसा लागतो ते मला समजेना. मग त्यांनी समजावलं. त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, आणि शनिवारी दिव्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यालाही लाव म्हणून सांगायचं नाही. "पण पाखरू पडलंय एवढं बोलायला काही हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मी स्टुलावर चढून खराट्याच्या काडीने पतंग बाहेर काढला. तो जगला नाही. पण त्याचे पंख उलगडले तेव्हा आतून गुलाबी निघाले. बाहेरून मातकट आणि आतून असा रंग कशासाठी, ते दोघींनाही सांगता येईना.

त्यानंतर दर शुक्रवारी मी न सांगता जायची. हळूहळू आम्हाला बघण्याची सवयच लागली. धुणं वाळत घालताना, तांदूळ निवडताना, विहिरीवर. नावं आम्हाला कुणाचीच माहीत नव्हती. "ते कालचं", "ते लिंबूसारखं", "ते आळशी" अशी आमची ओळख.

पावसाळा ओसरला आणि परसातल्या कढीलिंबावर अळ्या आल्या. लहान असताना त्या चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. मी त्या काठीने पाडायला निघाले होते. मावशी म्हणाल्या, "थांब, काय होतं ते बघू." त्यांनी दोन अळ्या फांदीसकट आणल्या, पाण्याच्या तांब्यात फांदी ठेवली आणि वर दुधावरचं जाळीचं मोठं झाकण घातलं. अळ्यांनी पाला खाल्ला, फांदीला कमरेत दोरा बांधल्यासारखे कोष केले आणि गप्प झाल्या.

पहिल्या कोषातून एका सकाळी काळं फुलपाखरू निघालं. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. आम्ही त्याला सोडून दिलं. दुसऱ्या कोषातूनही तसंच निघणार म्हणून मी निवांत होते. निघालं ते निराळंच. काळंच, पण मागच्या पंखांवर मध्ये पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी.

"मावशी, तुम्ही अळी बदललीत," मी म्हटलं.

"मी कशाला बदलू? तूच पाला आणला होतास. पाल्याबरोबर आली असेल दुसरी."

"मग जुनी कुठे गेली?"

आम्ही पुन्हा अळ्या ठेवल्या. या वेळी सगळी ठिपकेवाली निघाली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा एक लाल. त्यात भर म्हणजे परसात अगदी त्या लाल चंद्रकोरीवाल्यासारखंच एक फुलपाखरू यायचं, पण त्याचं पोटही लाल असे. ते आमच्या कढीलिंबाकडे ढुंकून बघत नसे. सारखी दिसणारी दोन वेगळी होती आणि वेगळी दिसणारी दोन एकाच झाडावरची होती. हे जेवताना माझं सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच म्हणत, "तुमची काहीतरी अदलाबदल होतेय." मलाही कधी कधी तसंच वाटे. मग मी कोषाला दोरा बांधून खूण करून ठेवू लागले. खूण केलेल्या कोषातूनही लाल निघालं, तेव्हा मी यांना सांगायचंच सोडून दिलं.

थंडीनंतर मागच्या पडवीत संध्याकाळी तपकिरी फुलपाखरं जमिनीवर येऊन बसत, हुबेहूब वाळकं पान. झाडायला गेले की पान उडून जाई. पावसात हीच फुलपाखरं येत तेव्हा त्यांच्या पंखांवर डोळे असत, असं मावशींचं म्हणणं होतं. मला वाटे ती वेगळी. उन्हाळाभर यावर आमचं चाललं होतं.

त्याच उन्हाळ्यात मावशींच्या मुलाने त्यांना तिकडे बोलावून घ्यायचं ठरवलं. तो आधीच इस्राएलला गेला होता. पनवेल-उरणकडची त्यांच्या समाजाची बरीच घरं तेव्हा तिकडे चालली होती. मावशी एके दिवशी म्हणाल्या, "मी जाते." आणि पाटा-वरवंटा मला देऊन टाकला. यांनी तो उचलून आमच्या स्वयंपाकघरात आणला. चार दिवसांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "मसाला वाटायला काही नाही गं घरात." यांनी पाटा परत नेला. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आमच्याकडे आला, पुन्हा गेला. मला मुळीच कळेना, जायचंय की राहायचंय. मी विचारलंही.

"तिकडे आपलं सगळं आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण माझं सगळं इथं आहे. यांची माती इथं आहे. मग आपलं म्हणजे काय, ते कुणाला विचारायचं?"

मी स्वतः सासरी येऊन वर्ष होत आलं होतं आणि मला अजून स्वप्नात माहेरचीच विहीर दिसे.

आषाढात त्यांचं जायचं पक्कं झालं. त्याच सुमारास एका सकाळी त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक पतंग बसलेला दिसला. एवढा मोठा पतंग मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ताटलीएवढा, विटेच्या रंगाचा, आणि पंखांची टोकं अशी की नागाने तोंड काढलंय. मावशी दारातच थबकल्या होत्या. गव्हाण गावाहून मासळी घेऊन येणारी बाई टोपली उतरवायला आली, तिने वर बघितलं आणि टोपली डोक्यावरच ठेवली.

"बाय, त्याला हात लावू नको," ती म्हणाली. "घरचा कुनीतरी हाय तो. बगायला आलाय."

"आमच्यात असं नसतं," मावशी म्हणाल्या.

"नसंल. पन आलाय तर हाय ना."

ती गेली. मावशींनी त्या दिवशी मासळी घेतली नाही. दुपारी मी गेले तर त्या दारासमोर पाट टाकून बसल्या होत्या. "मी मानत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण यांना असं गप्प बसायची सवय होती." मी त्या पतंगाकडे बघितलं. मीही मानत नव्हते, आणि तरी डोक्यावरचा पदर नीट केला, मोठ्या माणसासमोर करावा तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना बोलावून सांगितलं, "मुलाला कळवून टाका, मी येत नाही." यांनी कळवलं. पतंग हलला नाही. मागच्या दारानेच सगळी ये-जा सुरू झाली. त्याने काही खाल्लेलं आम्ही बघितलं नाही. मग एका सकाळी तो उंबऱ्यावर पडलेला होता, हलका, कागदासारखा. मावशींनी तो कढीलिंबाच्या बुंध्याशी पुरला. तो आला होता ते थांबवायला की निरोप द्यायला, हे त्यांनी मला विचारलं. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा यांना बोलावलं आणि सांगितलं, "येते म्हणून कळवा."

मी तेव्हा पोटुशी होते. भाद्रपदात बाळंतपणाला माहेरी गेले. मुलीला घेऊन परत आले तेव्हा शेजारच्या घराला कुलूप होतं आणि पाटा-वरवंटा आमच्या ओट्यावर होता. हे म्हणाले, "एस.टी.त बसवून आलो. मोटार सुटताना म्हणाल्या, तिला सांगा ती दोन्ही एकच आहेत." कोणती दोन्ही, ते यांना समजलं नव्हतं. मला वाटलं, कढीलिंबावरची. मग वाटलं, पडवीतली तपकिरी. मग वाटलं, कदाचित फुलपाखरांचं नसेलच ते.

पुढे कितीतरी वर्षांनी मुलीच्या शाळेत एक चित्रांचं पुस्तक चाळायला मिळालं. त्यात ती दोन्ही काळी फुलपाखरं शेजारी शेजारी होती. जात एक. त्यांच्यातल्या काही माद्या लाल चंद्रकोरीचा वेश घेऊन येतात, लाल पोटाच्या कडवट फुलपाखरासारखा, पक्ष्यांना फसवायला. तपकिरीही एकच, पावसात डोळेवाली, उन्हाळ्यात पानासारखी. मावशींचा निरोप दोन्हीकडे खरा होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण हे कळलं तेव्हा भांडायला शेजारी कुणी नव्हतं, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

त्यानंतर काही वर्षांनी एकदा मावशींचा मुलगा आला. पोक्त दिसत होता, मराठी जरा जपून बोलत होता. आई आदल्या वर्षी गेली, म्हणाला. "शेवटी शेवटी तिला आपण पनवेललाच आहोत असं वाटायचं. सकाळी विचारायची, मासळीवाली आली का? आम्ही नाही म्हणून समजावत राहिलो. मग सोडून दिलं. येईल म्हणायचो."

मी त्याला अळ्यांची गोष्ट सांगितली. तो नीट ऐकत होता, पण आईने त्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. चहा झाल्यावर त्याला वडिलांच्या कबरीवर जायचं होतं. रस्ता माहीत आहे असं मी म्हटलं आणि बरोबर निघाले. पण गवत वाढलं होतं, नवी घरं उठली होती, आणि मी त्याला भलत्याच बांधावर नेऊन उभं केलं. एका मुसलमान दुकानदाराला विचारलं. "कब्रस्तान आमचं की इस्राएलांचं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत येऊन वाट दाखवली.

तिथं दोन दगड शेजारी शेजारी होते. एकावरची मराठी अक्षरं झिजली होती, दुसऱ्यावरची शेवाळात गेली होती. मुलगा वाकून वाचत राहिला, बोट फिरवत राहिला. आडनाव दोन्हींवर तेच असावं, पुढचं लागेना. यातला वडिलांचा कोणता, त्याने मला विचारलं; पण त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. मग त्याने रुमालाने दोन्ही दगड पुसले आणि त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे दोन्हींवर एकेक खडा ठेवला.

"दोन्हींवर का?" मी विचारलं.

"चुकायला नको," तो म्हणाला.

मग आम्ही बाजाराच्या रस्त्याने परत आलो.