झाकणावरचं कार्पेट

फोन आला तेव्हा मी बिशान भागातल्या आमच्या घरी पेपर चाळत बसलो होतो. नातीनं उचलला आणि सेम्बावांगहून आहे म्हणाली. मला वाटलं, वसंताच. चार महिन्यांनी आली का आठवण! मी हातानंच खूण केली, सांग, आजोबा घरी नाहीत. ती नुसती ऐकत राहिली, मग रिसीव्हर माझ्यापुढं धरून हळू म्हणाली, "आजोबा, शी इज क्रायिंग लाह." फोनवर वसंताची बायको, शालूवहिनी होत्या. वसंता सकाळीच गेला होता... छातीत कळ आली, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं.

दीड महिना झाला त्याला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण हे सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

आम्ही दोघं रत्नागिरीकडचे. तो बोटींवर इंजिन सांभाळायचा, मी सेम्बावांगच्या जहाजांच्या यार्डात बोटींच्या केबिनमध्ये कार्पेट बसवायचो. त्याची तीस वर्षं समुद्रावर गेली आणि वहिनींची एकटीनं संसार करण्यात. रिटायर झाल्यावर त्यानं मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटरहोम घेतली. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, चाकांवरचं घरच ते. वहिनींना घेऊन सीमेवरचा पूल ओलांडायचा आणि मलेशियात रस्ता नेईल तिथवर जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. हिला जन्मभर नुसती पोस्टकार्डं धाडली, आता शेजारी बसवून दाखवतो, म्हणायचा.

गाडीतलं कार्पेट कुजलेलं होतं. ते बदलायचं काम मी मागून घेतलं. वसंता तेवढ्यात मुलीकडं पुण्याला निघाला होता. जाताना एकच सांगून गेला, पलंगांच्या मधल्या वाटेत जमिनीला झाकण आहे, त्याखाली बॅटरी, तेवढं कापून मोकळं ठेव. मी हो म्हटलं नाही. आमच्या कामात दोन तुकड्यांचा सांधा पलंगाखाली लपवतात, चालायच्या वाटेत कधीच नाही. वाटेत सांधा दिसला की फोरमन अख्खं कार्पेट उखडायला लावायचा. तीन दिवस उकिडवा बसून मी जुनं खरवडलं, कागदाचा साचा काढला आणि दारापासून टोकापर्यंत एकच तुकडा चिकटवून टाकला. सुरकुती नाही, सांधा नाही. असं काम यार्डातही माझ्या हातून फार वेळा झालं नव्हतं.

वसंता परत आला, चपला बाहेर काढून आत शिरला. वाकून तळहातानं कार्पेट चाचपलं.

"गणपत, झाकण कुठंय रे?"

"खाली आहे. पळतंय कुठं?"

"मग बॅटरी काय मंत्र टाकून बदलू?"

हसत म्हणाला तो. मला मात्र झोंबलं. माझ्या कामाला सुरी लावलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं म्हणून मी पिशवी उचलली आणि बसस्टॉप गाठला. सुरुवातीला त्यानं दोनदा निरोप धाडला. मी गेलो नाही...

तेरावं झाल्यावर वहिनींनी बोलावलं. गाडी विकायची होती आणि गिऱ्हाइकाला ती सुरू करून दाखवायला हवी होती. बॅटरी तर केव्हाच मेलेली. मी विचारलं, मग वसंतानं कापलं का नाही? वहिनी दाराशीच उभ्या होत्या.

"मी म्हटलं, द्या, मी कापते कात्रीनं. तर म्हणाले, थांब, गणपतच्या हातचं आहे. तोच येऊन कापेल."

म्हणजे ती दोघं कुठंच गेली नव्हती. चार महिने नुसती थांबली होती, माझ्यासाठी.

मी सुरी लावली. चारी बाजू सरळ कापल्या. दहा मिनिटांचं काम. उठताना आधाराला ड्रायव्हरच्या सीटपाशी हात टेकला, तर पेडलजवळ कार्पेट हाताला गुळगुळीत लागलं. टाचेएवढ्या जागेतली लव घासून चपटी झाली होती. कार्पेट नवंकोरं, गाडी जागची हललेली नाही, आणि ही जागा झिजली कशी?

वहिनींना न विचारताच कळलं, मी काय बघतोय ते. "संध्याकाळी बसायचे तिथं," त्या म्हणाल्या. "मला शेजारी बसवायचे. आज मलाका आलं म्हणायचे, आज इपोह..."

शेवटच्या संध्याकाळी कुठवर पोचला होतात, हे मला विचारवलं नाही.